जाळायचं किती, जपायचं किती

माझं काम ऐकायला सोपं आहे. सीटी किंवा सोनोग्राफीत बघत बघत एक बारीक सुई गाठीपर्यंत न्यायची, तिच्या टोकाशी उष्णता निर्माण करायची आणि गाठ आतल्या आत जाळून टाकायची. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. टाके नाहीत, मोठी चीर नाही. पेशंट बहुधा दुसऱ्या दिवशी चालत घरी जातो. नातेवाइकांना हे सांगताना माझ्या आवाजात थोडी ऐट येते, असं माझ्या घरच्यांचं म्हणणं आहे. असेलही. पण पोट उघडणारा सर्जन मज्जातंतू डोळ्यांनी बघतो, बोटाने बाजूला सारतो. आमच्या हातात ना ते बघणं, ना ते बोट. शेजारच्या मज्जातंतूला धग लागू न देता गाठ कशी जाळायची, हे शिकण्यातच माझी बरीचशी प्रॅक्टिस गेली. त्यातलं जे मनात राहिलं, ते हे.

१. गाठ मरते त्या तापमानाच्या कितीतरी आधी मज्जातंतू हार मानतो. गाठीतल्या पेशी खात्रीने मरायच्या तर तिथलं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर न्यावं लागतं. मग पेशींमधली प्रथिनं जवळजवळ तत्काळ गोठतात. ५० च्या आसपास तेच व्हायला काही मिनिटं लागतात. मज्जातंतूला मात्र ४५ च्या आसपासच इजा व्हायला लागते. आपल्या शरीराचं तापमान ३७, तापाने फणफणलेल्या माणसाचं ४०. म्हणजे सगळी मुभा काय ती सात-आठ अंशांची. शिकत होते तेव्हा माझं सगळं लक्ष सुईच्या टोकाकडे असायचं, जिथे सर्वांत जास्त तापतं तिथे. मशीनही तिथलेच आकडे ठळक दाखवतं. पण निकाल लागतो तो कडेला, जिथे साठाचे पंचेचाळीस होतात. आणि तिथला आकडा आपण मुद्दाम मोजल्याशिवाय कुठल्याही पडद्यावर येत नाही.

२. जास्त शक्ती म्हणजे जास्त काम, हा माझा समज खुद्द मशीननेच मोडून काढला. रेडिओफ्रिक्वेन्सीत साधारण ५०० किलोहर्ट्झच्या आसपासचा विद्युतप्रवाह शरीरातून जातो आणि सुईच्या टोकाभोवतीचा भाग तापतो. घाई करून शक्ती वाढवली की १०० अंशांच्या पुढे तिथलं पाणी उकळतं, कोळसा धरतो आणि त्या कोळशातून वीज पुढे सरकेनाशी होते. मायक्रोवेव्हचं तसं नाही. ते ९१५ किंवा २४५० मेगाहर्ट्झवर चालतं, कोळशाला फारसं जुमानत नाही आणि भराभर मोठा भाग जाळतं. आमच्याकडे ते आलं तेव्हा मी हरखून गेले होते. मग लक्षात आलं, की मशीनचा वेग वाढला तेवढा माझा विचार करायचा वेळ कमी झाला. शेजारी नाजूक मज्जातंतू असेल तर मी आजही संथ चालणारं मशीन मागते. आमच्या तरुण सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसतं. मी ते न दिसल्यासारखं करते.

३. पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमी कधीच संपत नाही. तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी जेनिटोफेमोरल नावाचा मज्जातंतू मी आनंदाने विसरून गेले होते. किडनीतली गाठ जाळायची वेळ आली आणि तो पुन्हा दारात उभा राहिला. किडनीच्या मागे सोअस नावाचा स्नायू असतो, त्याच्या अंगावरून हा खाली जांघेकडे जातो. इलिओइंग्वायनलही त्याच परिसरातून जातो. सायटिकसारखा जाडजूड मज्जातंतू सीटीवर ओळखू येतो, पण हे बारीक तंतू सहसा दिसत नाहीत. ते शेजाऱ्यांवरून ओळखायचे. फुफ्फुसाच्या शेंड्याशी गाठ असेल तर वरून हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं आठवायचं. गाठ हृदयाच्या कडेला असेल तर श्वासपटल हलवणारा फ्रेनिक आठवायचा. बरगडीजवळ असेल तर तिच्या खालच्या कडेने जाणारा तंतू विसरायचा नाही. अवघड केसच्या आदल्या रात्री मी अजून पुस्तक उघडून बसते. बारावीतल्या लेकीने एकदा विचारलं, “आई, उद्या तुझा पण पेपर आहे का?” मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

४. मज्जातंतू वाचवायचं सर्वांत भरवशाचं साधन पाणी आहे, हे कळल्यावर माझा तंत्रज्ञानाचा अभिमान बराच ओसरला. गाठ आणि मज्जातंतू अगदी लगटून असतील, तर दोघांच्या मधल्या पदरात आणखी एक बारीक सुई घालायची आणि द्रव भरायचा. पदर फुगतो, मज्जातंतू दूर सरकतो आणि येणारी धग मधलं पाणी शोषून घेतं. याला हायड्रोडिसेक्शन म्हणतात. त्यातही मेख आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी वापरताना साधं सलाइन चालत नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. जी वाट अडवायची तीच मोकळी होते. म्हणून ५ टक्के डेक्स्ट्रोज घ्यायचं. त्यात किंचित कॉन्ट्रास्ट मिसळलं की सीटीवर ते पांढरं उठून दिसतं, म्हणजे ते कुठे पोहोचलं आणि कुठे नाही ते कळतं. एकदा भरून भागत नाही. ते पसरतं, शरीर ते शोषून घेतं; मध्येमध्ये पुन्हा भरावं लागतं. काही ठिकाणी पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड भरतात, कारण वायूतून उष्णता फारशी पुढे जात नाही. लाखो रुपयांचं मशीन कोपऱ्यात गप्प उभं असतं आणि मी शे-पन्नास रुपयांच्या बाटलीशी झटापट करत असते. आमच्या सिस्टर विचारतात, “मॅडम, आज जाळायचंय की नुसतं पाणी घालायचंय?” काय सांगू? निम्म्याहून जास्त वेळ पाण्यातच जातो. प्रत्यक्ष जाळणं काही मिनिटांचं.

५. भूल जितकी गाढ, तितका आपला पहारेकरी झोपलेला. पेशंटला दुखू नये हे तर हवंच. पण मज्जातंतू तापू लागला की पहिली खबर पेशंटच देतो: पायात मुंग्या आल्या, मांडीकडे कळ गेली, बोटं जड वाटतात. पूर्ण भूल दिली की ही खबर बंद. तिथेच जवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं तरी बंद. दुखणं थांबवणारं औषध धोक्याची घंटाही बंद करतं, हे कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही. पूर्ण भूल टाळता येत नसेल, तर स्नायूंच्या हालचालींवरून मज्जातंतूंवर लक्ष ठेवायचं तंत्र आहे; पण भूलतज्ज्ञाने स्नायू सैल करणारं औषध देऊन ठेवलं असेल तर तेही आंधळं होतं. त्यामुळे कुठलं औषध, किती आणि केव्हा, हे भूलतज्ज्ञाबरोबर आधी बसून ठरवावं लागतं. पूर्वी हे बोलणं दारात उभ्याउभ्या व्हायचं. आता आम्ही त्यासाठी चहा मागवतो.

६. पेशंटला बोलतं ठेवणं हाही उपचाराचाच भाग आहे. थायरॉइडची साधी, कॅन्सर नसलेली गाठ रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळतात तेव्हा पेशंट जागा असतो, नुसता गळा बधिर केलेला असतो. स्वरयंत्र हलवणारा मज्जातंतू मोठा विचित्र वाटेने येतो. तो छातीत उतरतो, डावीकडचा महारोहिणीखालून वळसा घेतो आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून परत वर येतो. थायरॉइडच्या बरोबर मागे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाच्या वैद्याने ओरडणाऱ्या डुकराचा हा मज्जातंतू कापून दाखवला होता. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचा आवाज गेला. कोरियातल्या डॉक्टरांनी रुळवलेल्या पद्धतीत सुई एका जागी रोवून ठेवत नाहीत. गाठीचे मनात छोटे छोटे भाग पाडून ती हलवत हलवत जाळतात आणि त्या खाचेजवळचा भाग जपून, गरज पडली तर थोडा सोडूनही देतात. मध्येमध्ये थांबून पेशंटला बोलायला लावतात. आवाज बदललासा वाटला तर लगेच थांबून तिथे थंड डेक्स्ट्रोज सोडतात. एकदा सातारा जिल्ह्यातले एक कीर्तनकार बुवा आले होते. “बुवा, काहीतरी बोला,” म्हटलं, तर त्यांनी टेबलावर आडवं पडूनच निरूपण सुरू केलं. आवाज खणखणीत होता. त्यांना थांबवून पुन्हा सुई चालू करणं, हीच त्या दिवशीची खरी कसोटी.

७. कंपनीच्या तक्त्यात जे लिहिलेलं असतं ते जिवंत माणसाच्या शरीरात जसंच्या तसं घडत नाही. इतके वॅट, इतकी मिनिटं, इतक्या सेंटीमीटरचा गोळा जळेल, असे आकडे तक्त्यात असतात. त्यातले अनेक आकडे प्राण्यांच्या यकृतावर काढलेले असतात, काही तर शरीराबाहेर काढलेल्या, रक्त वाहत नसलेल्या यकृतावर. जिवंत शरीरात ३ मिलिमीटरपेक्षा मोठी रक्तवाहिनी शेजारी असली तरी ती उष्णता वाहून नेते, आणि तिच्या बाजूची गाठ अर्धवट राहू शकते. म्हणजे जिथे जाळायचं तिथे कमी जळतं, आणि जिथे रक्त नाही, आडोसा नाही, तिथे अंदाजापेक्षा पुढे जातं. तक्ता मी वाचते, पण त्याच्या भरवशावर मज्जातंतू सोडत नाही.

८. हाडाच्या पातळ भिंतीवरही केवढा भरवसा ठेवता येतो, हे मला एका शाळकरी मुलाच्या मणक्याने शिकवलं. त्याची आई सांगत होती, “रात्री पाठ धरून रडतो, दुखण्याची गोळी दिली की झोपतो.” वाढीचं दुखणं म्हणून बरेच दिवस गेले होते. निघालं ते ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. ही हाडातली कॅन्सर नसलेली गाठ, आकाराने सहसा दीड सेंटीमीटरच्याही आतली, आणि रात्रीचं दुखणं व गोळीने मिळणारा आराम ही तिची ओळखच. पूर्वी त्यासाठी हाडाचा तुकडा कापून काढावा लागे. १९९२ मध्ये बॉस्टनच्या रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी ती सुईने जाळून बरी करता येते हे दाखवून दिलं: साधारण ९० अंश, पाच-सहा मिनिटं. मांडीच्या हाडात हे सोपं आहे. मणक्यात मात्र पलीकडे मज्जारज्जू आणि त्याची मुळं. दिलासा एवढाच, की मधलं हाड शाबूत असेल तर ते उष्णता अडवतं, आणि पलीकडचा द्रव व शिरांमधलं रक्त उरलेली धग वाहून नेतं. तरीही मज्जातंतूच्या मुळाशी आम्ही तापमान मोजणारी बारीक तार, थर्मोकपल, ठेवतो. तिथे ४५ पर्यंत वाट बघायची नसते, कारण मशीन बंद केल्यावरही आकडा चढत राहू शकतो. गॅस बंद केला तरी तव्यावरची पोळी करपतेच. मी ४२-४३ ला थांबते. काही दिवसांनी मुलगा रात्री झोपू लागला. गोळ्या बंद झाल्या. आईची झोप परत यायला मात्र आणखी काही आठवडे लागले, असं तिनेच सांगितलं.

९. मी जो मज्जातंतू जिवापाड जपते, तोच शेजारच्या खोलीत मुद्दाम जाळतात. कंबरदुखीवर मणक्याच्या सांध्याला जाणारा छोटा तंतू ८० अंशांवर मिनिट-दीड मिनिट तापवून बंद करतात. चेहऱ्यावर विजेसारखी कळ येते त्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी स्वीट आणि वेप्सिक यांनी १९७४ मध्ये अशीच पद्धत मांडली. त्यातही पेशंटला मध्येमध्ये जागं करून चेहऱ्यावरची संवेदना तपासायची असते. मशीन त्याच जातीचं, सुई त्याच जातीची. एकाचं यश ती दुसऱ्याची गुंतागुंत. त्या खोलीतून मला एक उपयोगाची गोष्ट कळली: त्यांचे पेशंट काही महिन्यांनी, वर्षभराने परत येतात, कारण मज्जातंतू पुन्हा वाढतो. दिवसाला साधारण १ मिलिमीटर. आतला तंतू तुटला पण बाहेरचं आवरण शाबूत राहिलं, तर तो त्या वाटेने पुढे सरकतो. जांघेतला बधिरपणा महिन्यांत जाऊ शकतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर कापायला मात्र वर्षं लागतात. तेव्हा “बरं होईल” एवढं बोलून भागत नाही. केव्हा, तेही सांगावं लागतं.

१०. केसपेपरवर जे किरकोळ असतं, ते पेशंटच्या घरी किरकोळ नसतं. व्हेरिकोज व्हेन्सचं उदाहरण घ्या. दिवसभर उभं राहणाऱ्यांचा हा आजार: वाहतूक पोलीस, आचारी, दुकानात काम करणाऱ्या बायका. शिरेत बारीक नळी घालून ती आतून तापवतात; एका प्रकारात १२० अंशांवर २० सेकंद, एका वेळी ७ सेंटीमीटर. त्याआधी शिरेभोवती सगळीकडे पातळ केलेलं बधिर करायचं औषध भरतात. ते दुखणं थांबवतं, शीर आवळतं, आणि त्वचा व मज्जातंतू यांना दूर ठेवून धग शोषतं. तरीही गुडघ्याखाली सॅफेनस मज्जातंतू शिरेला इतका लगटून असतो, की बरेच जण शीर तिथे पूर्ण खालपर्यंत जाळायचं टाळतात. घोट्याजवळ थोडा बधिर भाग राहिला तर आम्ही कागदावर ‘किरकोळ’ लिहितो. एका हवालदारांनी मला सांगितलं, “मॅडम, चप्पल पायात आहे की निसटली, बघितल्याशिवाय कळत नाही.” ते रागावले नव्हते, हे मला नवल वाटलं. कारण विचारलं तर म्हणाले, “तुम्ही आधी सांगितलं होतं ना.” पुढे काही महिन्यांत तो भाग भानावर आला. मी मात्र तेव्हापासून सांगायची गोष्ट सहीच्या कागदावर सोडून देत नाही. तोंडाने सांगते, समोर बसून.

११. शेवटचा मिलिमीटर कोणाचा, हे ठरवायचा अधिकार माझा एकटीचा नाही. गाठ परत येऊ नये म्हणून तिच्याभोवतीचा पाच-दहा मिलिमीटर निरोगी भागही जाळावा, असं आम्ही यकृतात तरी शिकतो. पण त्याच पाच मिलिमीटरमध्ये हाताचा मज्जातंतू असेल तर? कधी थंडी मदतीला येते. गोठवून मारायच्या पद्धतीत बर्फाचा गोळा सीटीवर दिसतो आणि मज्जातंतू दुखावला तरी त्याचं आवरण टिकायची, तो सावरायची शक्यता जास्त असते. पण तिथेही दिसणारी बर्फाची कड म्हणजे ० अंश. गाठ मरते ती उणे २० ते ४० ला, त्या कडेच्या काही मिलिमीटर आत. म्हणजे वजाबाकी पुन्हा आलीच. एका शिंपीकाकांच्या खांद्याजवळच्या हाडात पसरलेला कॅन्सर होता. जाळायचं होतं ते दुखणं कमी करण्यासाठी. मी नकाशे काढून, आकडे देऊन समजावत होते. ते मध्येच म्हणाले, “ताई, दुखणं अर्धं राहिलं तरी चालेल. कात्री धरता आली पाहिजे.” माझं सगळं गणित त्या एका वाक्याने सुटलं. आम्ही हाताकडची कड सोडून दिली.

तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर अशी बिनटाक्याची शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: जवळ कुठला मज्जातंतू आहे, तो कसा वाचवणार, त्याला इजा झालीच तर काय जाईल आणि किती दिवसांसाठी, आणि तो वाचवायला गाठीचा थोडा भाग सोडावा लागला तर पुढे काय. हे विचारल्याने कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही. तुम्ही हाताने, पायाने, गळ्याने काय काम करता, तेही न विचारता सांगून टाका. आणि टेबलावर मुंग्या आल्या, कळ गेली, तर डॉक्टरांना त्रास नको म्हणून सोसत बसू नका. आपल्याकडे सोसण्याचं फार कौतुक आहे. तिथे मात्र लगेच बोला.